मोजणाऱ्याला देश नसतो

शिरजखेडात कोणी म्हणालं, "कोरियातून दोन लिटर दूध आन जो," तर ऐकणारा बिचकत नाही; भांडं घेऊन सरळ तांड्याच्या वाटेला लागतो. "जपानातली मोटर जळली" म्हणजे मारुतीच्या देवळामागची बोअर बंद. "इराणात लाईन नाही" म्हणजे पंचशील नगराचा डीपी गेला. चीन म्हणजे रस्त्यापलीकडची घरकुलं. नेरहून येणाऱ्या एसटीवर नवा कंडक्टर आला की पहिले आठ दिवस त्याचं डोकं चक्रावून जातं, कारण म्हाताऱ्या बाया त्याला खुशाल सांगतात, "बावा, मले चीनपाशी उतरव."

हे सगळं नानाजींमुळं. नानाजी म्हणजे गावचे जुने पोस्टमन. लोकांचे पेपर ते आधी स्वतः वाचायचे आणि मग वाटायचे, त्यामुळं गावाला बातमी शिळी मिळायची पण समजावून मिळायची. पस्तीसेक वर्षांमागं, पोळ्याच्या सुमाराला, त्यांनी वाचलं की आशिया खंडातल्या देशांची पुरुषांची व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू आहे. व्हॉलीबॉलचं वेड गावाला तेव्हाही होतंच. नानाजींनी चार मोहल्ल्यांच्या चार टीम केल्या, चार चिठ्ठ्या टाकल्या आणि गावाचा आपला 'आशिया' सुरू केला. देवळामागच्यांना जपान निघाला, तांड्याला कोरिया, पंचशील नगराला इराण, आणि घरकुलांना भारत.

तिथंच घोटाळा झाला. भारताविरुद्ध खेळायला कोणीच उतरेना. "भारताले हरवाचं पाप माह्या हातून नाही होनार," असं म्हणून तांड्याचे गडी शर्ट घालून घरी गेले. जपाननंही तेच केलं, इराणनंही. घरकुलांनी चेंडूला हात न लावता ट्रॉफी नेली आणि वर मिरवणूक काढली. दुसऱ्या खेपेला नानाजींनी भारताची चिठ्ठी फाडली आणि नियम केला, "भारत चिठ्ठीत भेटनार नाही. जो जिंकीन तो भारत." घरकुलांची समजूत घालून त्यांना चीन दिला. तो राग त्यांनी अजून सोडलेला नाही. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, तिकडं खरी स्पर्धा लागली की इकडं गावचा आशिया लागतो, आणि जिंकणारा मोहल्ला दोन वर्षं भारत होऊन मिरवतो.

या सगळ्या आशियात कोणत्याच देशाचा नसलेला एकच माणूस गावात होता. तो उकंडा.

आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर, इकडच्या बोलीत उकंड्यावर, घडीभर ठेवून उचललं. मृत्यूनं फसावं, फेकलेलं दिसतंय म्हणून पुढं निघून जावं, हा हिशेब. मृत्यू फसला आणि पोरगं जे वाढत सुटलं ते सहा फूट एक इंचावर जाऊन थांबलं. पंचशील नगरातच काय, साऱ्या पंचक्रोशीत एवढा उंच माणूस नव्हता. नेरच्या बाजारात हमालीला होता. तिथं कापसाच्या थप्पीवर सगळ्यात वरचं बोंदरं, म्हणजे कापसाचं गाठोडं, ठेवायला त्यालाच बोलवायचे. गावात लग्नाचं तोरण त्याच्याच हातानं लागायचं, सभागृहातला बल्ब तोच बदलायचा, आणि आंब्याच्या दिवसांत ज्याच्या झाडाखालून उकंडा गेला तो मालक वर पाहून आंबे मोजायचा.

मग असा माणूस व्हॉलीबॉलमध्ये का नाही? तर ऐका.

पहिल्या आशियाच्या वेळी यवतमाळहून एक क्रीडा अधिकारी जीपनं आले होते. त्यांनी टेपनं नेट मोजून बांधून दिलं, चहा पिला आणि टेप घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नेट सोडलं तसा प्रश्न पडला, की आता किती उंच बांधायचं? खांबाला खूण करावी, तर आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात फाटते. आज सरळ असलेला खांब परवा वितभर रुतलेला, तेरवा कलंडलेला. अशा जमिनीत रोवलेल्या खांबावरच्या खुणेला काय किंमत? भांडणं लागली. तेवढ्यात नानाजींच्या ध्यानात आलं की काल साहेबांनी नेट बांधलं तेव्हा शेजारी उभ्या उकंडानं सहज हात वर केला होता, आणि त्याचं मधलं बोट नेटच्या वरच्या पट्टीला नेमकं टेकलं होतं. बस्स. उकंडाला चपला काढून नेटखाली उभं केलं, टाचा जुळवल्या, हात वर. दोऱ्या ओढल्या. पट्टी बोटाला टेकली.

"हां, बांध," उकंडा म्हणाला.

त्या दिवशी जे म्हणाला ते पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता म्हणत आला. नेरहून सायकलनं यायचा, तोंडावर पाणी मारायचा, हात वर करायचा, "हां, बांध," आणि मगच गावचा खेळ सुरू व्हायचा.

पण त्याच वर्षी तो इराणकडून खेळायला उतरला तसा तांड्यानं गलका केला. "मोजनार बी हाच अन् खेळनार बी हाच? मंग हा आपल्या टीमसाठी बोट दुमडनार नाही कशावरून?" बोलणं खोटं नव्हतं. नानाजींनी मिशीवर हात फिरवला आणि निकाल दिला, "मोजणाऱ्याले देश नसते. उकंडा, ठरव गा. हात का खेळ?"

पंचवीस-सव्वीस वर्षांचा गडी. नेटवर नुसता उभा राहिला असता तरी चेंडू आदळून परत गेला असता. त्यानं तांड्याकडं पाहिलं, इराणकडं पाहिलं आणि म्हणाला, "खेळाले तं सारेच हायेत जी. हात एकच हाये." आणि चपला घालून रेघेच्या बाहेर जाऊन बसला.

त्याची बायको रुखमाबाई. उंचीनं त्याच्या कोपराला लागणारी आणि आवाजानं साऱ्या गावाला पुरणारी. इराणची मॅच असली की ती रेघेवर उभी राहून असं ओरडते की समोरच्या टीमची सर्व्हिस बिघडते. तिनं नवऱ्याला याबद्दल कधी सोडलं नाही. "लोकायचे नवरे जपान झाले, कोरिया झाले. माह्या नवरा बांबू झाला."

"बांबू तं बांबू. सारेच धरतेत," उकंडा म्हणायचा.

*

यंदाचीच गोष्ट. आशियाई स्पर्धा लागली आणि मैत्रेयीनं गंमत केली. ही पोरगी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिनं शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि भारत-जपान मॅच मोठी करून दाखवली. दुपारी सगळा गाव आत. देवळामागच्या चार म्हाताऱ्यांना कळेना की टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, कारण जपान म्हणजे तेच.

सगळ्यात पुढं प्रफुल्ल बसला होता. उकंडाचा पुतण्या, इराणचा स्मॅश मारणारा. ह्याच्या उडीची गावात लय कथा. हवेत गेला की कोपर नेटच्या वर. पाहणारे म्हणायचे, असा गडी जिल्ह्यात नाही. त्यानं पडद्यावरच्या जपानी खेळाडूकडं पाहिलं आणि मान उडवली.

"हे का उडनं हाये? याचं मनगट तेवढं वर गेलं. माह्यं तं कोपर जाते."

मागून हरिसिंग बोलला. तांड्याचा गवंडी, कोरियाचा कॅप्टन. "मंग तुले तिकडचे काहून नेत नाहीत बे? पत्ता भेटला नसन!"

"नेतीन, नेतीन. मोजून पाहाले सांग त्याह्यले."

"पडद्यावर लिहून येऊन राह्यलं पाहा," मैत्रेयी म्हणाली. "नेट दोन मीटर त्रेचाळीस. सगळ्या जगात एवढंच असते. तुमची उडी मोजायची तर मोजून घ्या एकदाची, कटकट नको."

हे ऐकून संजय टेलर उठला. संजय जपानचा. गळ्यात टेप त्याच्या जन्मापासून असावा असा. "चाल रे," तो म्हणाला, "होऊनच जाऊ दे." आणि भारत-जपान भिंतीवर खेळत राहिले आणि सारा गाव ग्राउंडवर.

पाच वाजायला आलेच होते. उकंडानं चपला काढल्या, हात वर केला, "हां, बांध" झालं. संजयनं आधी नेट मोजायला घेतलं, म्हणजे त्यावर प्रफुल्लची उडी मिळवता येईल. टेलरचा टेप दीडशेचा. त्यानं दीडशेवर चिमूट धरली, टेप वर सरकवला आणि वाचलं.

"वर शहाऐंशी. म्हंजे दोनशे छत्तीस."

"त्रेचाळीस," मैत्रेयी म्हणाली.

"छत्तीस."

पुन्हा मोजलं. छत्तीस. मग सगळ्यांनी मिळून टेपलाच धारेवर धरलं. टेप घामानं आटला असेल, म्हणाले. ब्लाउजं मोजून मोजून बाद झाला असेल, म्हणाले. हरिसिंगनं घरून मिस्त्रीचा लोखंडी टेप आणवला. लोखंडही छत्तीसच म्हणालं.

हळूहळू एकेकाच्या डोक्यात दिवा पेटू लागला. नेरला तालुक्याच्या स्पर्धेत शिरजखेडचे गडी गेली दहा-बारा वर्षं पहिल्याच फेरीत बाद होत होते. घरी कोपर नेटवर काढून मारणारे तिथं सरळ नेटमध्ये मारायचे. त्याची कारणं गावानं शोधून ठेवली होती : नेरचा चेंडू जड आहे, नेरची माती कडक आहे, नेरच्या हॉटेलातला आलुबोंडा पोटात बसतो. कोणाच्या मनातही आलं नव्हतं की नेट उंच असू शकतं. नेट कसं उंच असेल? नेट तर उकंडाच्या हाताएवढंच असतं.

"म्हंजे... माह्यं कोपर?" प्रफुल्ल हळूच म्हणाला.

"मनगट," हरिसिंग म्हणाला. त्याला चिडवायचं होतं, पण आवाज मऊच निघाला.

उकंडा खाली पाहत उभा होता. मग त्यानं संजयला हाक मारली. "टेपाले कायले दोष देता बे? माह्या हात मोजा."

कोणी पुढं होईना. तेव्हा तो स्वतःच टाचा जुळवून उभा राहिला आणि हात वर केला. आता पाहिलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, जे रोज पाहूनही दिसलं नव्हतं. पाठीला बाक आला होता. क्विंटल-क्विंटलची ओझी ज्या खांद्यावर वाहिली तो उजवा खांदा कानापर्यंत जातच नव्हता. संजयनं मोजलं आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही. नुसती मान हलवली.

"बरोबर हाये," उकंडा म्हणाला. "मीच कमी झालो." चपला पायात न घालता हातातच घेऊन तो घरी गेला.

तिकडं हॉलमध्ये भारत जिंकला का हरला, हे शिरजखेडात आजही कोणाला नीट सांगता येत नाही.

*

घरी रुखमाबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. उकंडा आला आणि दारातच थांबला. चौकटीच्या वरच्या लाकडाला एक गुळगुळीत खळगा आहे, त्याच्याच कपाळानं पडलेला. लग्न झालं तेव्हा तो रोज तिथं डोकं आपटायचा. आता तो सरळ उभा होता, आणि डोक्याच्या वर दोन बोटं जागा राहत होती.

"काव, मी इथं शेवटचा कधी आपटलो?"

"झाले की धा-बारा वर्षं," सूप न थांबवता ती म्हणाली. "मले वाटलं, अक्कल आली."

तो हसला नाही, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. त्यानं सगळं सांगितलं. "पोट्टे बिचारे माह्या हातावर भरोसा ठेवून उड्या मारत राह्यले. मी त्याह्यले खोटं उंच केलं. आता मी तिकडं जात नाही."

आणि गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो बकऱ्यांना पाला तोडत बसला. हात पोचत होता तेवढ्याच फांदीचा. रुखमाबाईनं एक-दोन टोमणे मारून पाहिले. बांबू म्हटलं. एरवी उत्तर आलं असतं. आलं नाही, तेव्हा मात्र तिला धसका बसला. पस्तीस वर्षं ज्या माणसाला पाच वाजता घरात कसं थांबवावं हा प्रश्न होता, त्याला आता बाहेर कसं काढावं हा प्रश्न झाला.

ग्राउंडवर प्रफुल्लनं तोड काढली होती. टेपनं मोजून दोन्ही खांबांवर लाल ऑइल पेंटची रेघ मारली. "झंझटच नको," म्हणाला. दोन दिवस रेघेवर नेट बांधलं गेलं. सेमीफायनल झाल्या. जपान कोरियाकडून हरला, चीन इराणकडून हरला आणि घरकुलांनी नेहमीप्रमाणं पहिल्या वर्षीच्या भारताची आठवण काढली. खेळ कसा झाला म्हणाल, तर खऱ्या उंचीवर कोणालाच मारता येईना. चेंडू नेटमध्ये असे पडत होते जसे मासे जाळ्यात.

मग शुक्रवारी आणि शनिवारी झोडपून पाऊस आला. रविवारी दुपारी फायनल, कोरिया विरुद्ध इराण. ऊन पडलं, ग्राउंडवर भुसा टाकला, आणि रेघेवर नेट बांधून पाहिलं तर ते उताराला लागलेलं. डावा खांब चार बोटं रुतला होता, उजवा कलंडला होता. काळ्या मातीनं आपलं काम केलं होतं.

"टेप लाव," नानाजी म्हणाले. पंच अजून तेच, वय अठ्ठ्याहत्तर, शिटी तीच.

संजयनं टेप काढला तसा हरिसिंग आडवा आला. "संजय नाही पाह्यजे. परवा आमच्याकडून हरला हा. मनात काय असन काय माहीत."

"मंग तुह्या लोखंडी टेप आन."

"तो तांड्याचा टेप," प्रफुल्ल म्हणाला. "आमाले चालत नाही."

"लोखंड का जातपात पाह्यते का बे?"

"लोखंड नाही पाह्यत. धरनारा पाह्यते."

टेप दोन होते, धरणारे दोनशे होते, पण ज्याला देश नाही असा एकही नव्हता. मैत्रेयीचं नाव निघालं, तर तिचा भाऊ चीनकडून खेळलेला. गुरुजींचं निघालं, तर ते जपानात भाड्यानं राहतात. तासभर हेच. कोरियाचे गडी शर्ट घालायला लागले. नानाजींनी शिटी गळ्यातून काढून खिशात घातली आणि काठी टेकत निघाले ते थेट उकंडाच्या अंगणात.

"उकंडा, चाल गा. भांडून राह्यलेत."

"नानाजी, माह्या हातात खोट हाये. साऱ्या गावानं पाह्यली."

"हात कमी झाला, मान्य. पन दोनशे लोकायत भरोसा ठेवावा असा एकच हात हाये, ते बी पाह्यलं ना गावानं आज."

"कमी तो कमीच जी. सात सेंटीमीटर."

रुखमाबाई चुलीपाशी होती. भाताच्या गंजात बोट बुडवून पाणी पाहत होती. तांदळाच्या वर दोन पेरं, ही तिची आईकडून आलेली मोजणी. ती तिथूनच बोलली, "सात का काय म्हंता ते, म्हंजे केवढं?"

नानाजींनी अंगठा आणि बोट फाकवून दाखवलं.

"एवढंसं?" ती बाहेर आली. चार बोटं जुळवून तिनं नानाजींच्या चिमटीत आडवी धरली. बरोबर बसली. "एवढ्यासाठी हा मानूस चार रोज घरात बसून माह्यं डोकं खाऊन राह्यला? दोरी कमी पडली तं कोनी विहीर बुजवते का? जोड लावते. ठेवा म्हना त्याच्या हातावर चार बोटं अन् बांधा!"

ती ताव काढायला बोलली होती. पण नानाजी तिच्या बोटांकडं पाहत राहिले.

"कोनाची चार बोटं, रुखमाबाई?"

"कोनाची बी! माह्यीच घ्या!"

"घेतली," नानाजी म्हणाले.

*

गाव आठवण काढतं ती पुढच्या घटकेची. उकंडा पुढं, मागं नानाजी, आणि सगळ्यात मागं भाताचा गंज उतरवून, ओले हात पदराला पुसत रुखमाबाई. ग्राउंडवर उकंडानं चपला काढल्या, टाचा जुळवल्या. हात वर केला. आधी खांदा अडला, मग जेवढा जायचा तेवढा गेला. शाळेतलं टेबल आणलं. रुखमाबाईला चढायला दोघींनी धरलं. वर उभी राहून तिनं नवऱ्याच्या मधल्या बोटावर आपली चार बोटं आडवी ठेवली. पस्तीस वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्यापेक्षा उंच झाली होती.

"हालू नका," ती म्हणाली.

"मी कुठं हालतो? तूच थरथरून राह्यली."

संजय आणि हरिसिंग, दोघांनी दोन टेप दोन बाजूंनी लावले. "दोनशे त्रेचाळीस," संजय म्हणाला. "सूतभर जास्त," हरिसिंग म्हणाला. "सूत आपल्या गावाले माफ," नानाजी म्हणाले.

आता दोरी ओढणार तेवढ्यात हरिसिंगनंच पुन्हा हात वर केला. "थांबा! काकाजीचं ठीक हाये. पन ह्या काकू तं इराणच्या! साऱ्याहून जास्त ओरडतेत. कोरियाची सर्व्हिस दर खेपी ह्याहीच बिघडवतेत."

गाव हसलं, पण बोलणं खोटं नव्हतं. नानाजींनी मिशीवर हात फिरवला. "नियम जुनाच हाये, रुखमाबाई. मोजणाऱ्याले देश नसते."

"म्हंजे?"

"म्हंजे बोटं देसान तं इराण सोडा लागन."

"अन् प्रफुल्ल खेळीन तवा?"

"चूप राहा लागन."

रुखमाबाई टेबलावर उभी. समोर पंचशील नगराच्या सगळ्या बाया तिच्याकडं पाहत होत्या, प्रफुल्ल पाहत होता. "मोठीमाय, तू नाही ओरडली तं माह्यं कसं होईन?" तो म्हणाला. तिनं खाली पाहिलं. तिच्या बोटांखाली तो हात होता, वर धरलेला, आता दुखायला लागलेला, तरी खाली न घेतलेला.

"तुमी पस्तीस वर्षं कसे चूप बसले जी?" तिनं त्याला हळूच विचारलं.

"जीभ दाताखाली धराची," तो म्हणाला.

तिनं एक मोठा श्वास घेतला. "हां, बांध!" ती ओरडली. तो आवाज चीनपर्यंत गेला.

फायनल रंगली. मारणं जमत नव्हतंच, तेव्हा दोन्ही टीम डोकं लावून खेळल्या. हळूच टाकणं, कोपऱ्यात सोडणं, उचलून घेणं. उकंडा आणि रुखमाबाई रेघेबाहेर शेजारी शेजारी बसले होते. तिनं पदराचा बोळा करून दातात धरला होता. पहिला सेट इराणनं घेतला. तिचे डोळे पाण्यानं भरले, पण पदर सुटला नाही. दुसरा कोरियानं घेतला. तिसऱ्यात कधीतरी प्रफुल्ल मागून धावत आला आणि उडाला. काय झालं कोणास ठाऊक, या खेपेला पूर्ण उडाला. कोपर नाही, मनगटच. पण खऱ्या नेटच्या वर खरं मनगट. चेंडू हरिसिंगच्या पायाशी असा आदळला की भुसा उडाला. सगळा इराण नाचला. रुखमाबाईनं एका हातानं पदर तोंडात कोंबला आणि दुसऱ्यानं उकंडाच्या मांडीवर असा गुद्दा घातला की तो कळवळला.

"हे चालते का?" त्यानं नानाजींना विचारलं.

"मांडीचं नियमात नाही," नानाजी म्हणाले.

तरी शेवटी कोरिया जिंकला. दोन गुणांनी. तांड्याचे ढोल-डफडे वाजायला लागले, नानाजींनी निळी जर्सी हरिसिंगच्या अंगात घातली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "आजपासून दोन वर्षं, हा भारत!"

रुखमाबाईनं पदर तोंडातून काढला.

"नानाजी, आता हा कोरिया नाही ना?"

"नाही."

"भारत हाये?"

"भारत हाये."

"मोजणाऱ्याले भारतासाठी ओरडता येते का नाही?"

नानाजींनी नियम आठवून पाहिला. असा कोणता नव्हता. "येते."

मग ती जी ओरडली, त्यात तीन सेटचं साठलेलं होतं. ढोलवाल्याची काठी क्षणभर थांबली. हरिसिंग दचकून मागं सरकला. "काकू, खेळ संपला! आता काहून?" पण ती थांबायला तयार नव्हती, आणि उकंडा तिच्याकडं पाहून पोट धरून हसत होता.

दुसऱ्या दिवशी आशिया संपला होता; साधाच रोजचा खेळ. उकंडा बकऱ्यांपाशी रेंगाळला. पावणेपाचला दारातून आवाज आला. रुखमाबाई चपला घालून, कुंडीत हात धुऊन, तयार उभी.

"चाला ना वो. माह्या हात वाळला की बोटं आकसतेत. मंग नेट पुन्हा खाली येईन."